आवाज मोठा आहे, पण शब्द कुठे गेले? सेट-टॉप बॉक्स आणि सराउंड साउंड

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लिखित रूप. जसं बोलले तसंच जवळपास ठेवलंय. फक्त आकडे नीट लिहिलेत आणि माझे "म्हणजे" थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न मला घरच्यांकडून, ऑफिसातल्या लोकांकडून, अगदी सोसायटीतल्या काकांकडूनही आलाय. "फाइव्ह पॉइंट वन साउंडबार घेतला, सेट-टॉप बॉक्स एचडी आहे, वाहिनीही एचडी आहे, आणि तरी मागचे स्पीकर गप्प का?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, स्पीकर विकत नाही. त्यामुळे कुठला साउंडबार घ्यावा हे आज सांगणार नाही. जे घरात आहे त्यातून पूर्ण आवाज कसा काढायचा, एवढंच बोलू.

आणि एक गोष्ट आधीच सांगते. सराउंड म्हटलं की लोकांना डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर आठवतं. माझ्या मते घरात सराउंडचा सगळ्यात मोठा उपयोग वेगळाच आहे: माणसं काय बोलतायत ते कळणं. असं का, ते पुढे येईलच.

५.१ म्हणजे नेमकं काय

पाच स्पीकर पूर्ण आवाजाचे: समोर डावा, समोर उजवा, समोर मधला, आणि दोन आपल्या बाजूला किंवा पाठीमागे. तो "पॉइंट वन" म्हणजे फक्त खर्जाचा वेगळा ट्रॅक, साधारण १२० हर्ट्झच्या खालचा. पूर्ण आवाजाच्या मानाने तो अगदी छोटा हिस्सा, म्हणून १ नाही तर .१. डॉल्बी डिजिटल हे तंत्र १९९२ साली "बॅटमॅन रिटर्न्स"बरोबर थिएटरात आलं, मग डीव्हीडीवर आणि टीव्हीवर.

या सहा ट्रॅकमध्ये कामाची वाटणी असते. संगीत बहुतेक डाव्या-उजव्यात. गर्दी, पाऊस, स्टेडियमचा गलका मागच्या दोघांत. आणि संवाद, कॉमेंटरी, निवेदन जवळजवळ सगळं मधल्या स्पीकरमध्ये. ही वाटणी लक्षात ठेवा, आजचा सगळा भाग याच्यावर उभा आहे.

आता स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा डोळ्यांसमोर आणा. हळद, तिखट, जिरं, मोहरी, सगळं आपापल्या वाटीत. भाजीत तिखट जास्त हवं तर फक्त तिखट जास्त घालता येतं. पण कुणी सगळ्या वाट्या दोनच वाट्यांत ओतल्या तर? मसाला तेवढाच आहे, पण आता वेगळं काही घालता येत नाही. ५.१ चं स्टिरिओ करतात तेव्हा हेच होतं. मधला ट्रॅक थोडा कमी करून, साधारण ३ डेसिबलने, डाव्या आणि उजव्या दोघांत ओततात. मागचे ट्रॅकही त्यातच मिसळतात. खर्जाचा ट्रॅक बहुतेक वेळा सोडूनच देतात. याला डाउनमिक्स म्हणतात. एकदा ते झालं की तुमचा साउंडबार कितीही महाग असो, त्याच्या हातात दोनच वाट्या येतात.

शब्द का हरवतात

वय वाढतं तसं कानाला उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू यायला लागतात. आपल्या भाषेत स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श, त, क, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख उंच पट्टीत असते आणि ती मुळात नाजूक असतात. म्हणून वयस्कर माणूस म्हणतो, "ऐकू येतंय, पण कळत नाही." बातम्यांत "सात" म्हणाले की "साठ", ते समजत नाही. मग तो आवाज वाढवतो. पण रिमोटवर आवाज वाढवला की स्वर वाढतात, पार्श्वसंगीत वाढतं, गलका वाढतो, आणि ती बिचारी व्यंजनं त्या गलक्याखालीच राहतात. घरातले बाकीचे म्हणतात, "केवढा आवाज तो!" आणि ज्याच्यासाठी वाढवला, त्याला तरीही कळत नाही.

संवादाचा ट्रॅक वेगळा हातात आला, तर फक्त तेवढाच वाढवता येतो. म्हणून मी म्हटलं, सराउंड हेलिकॉप्टरसाठी नाही, शब्दांसाठी.

रस्ता कसा आहे

वाहिनीपासून कानापर्यंत आवाजाचे पाच टप्पे आहेत. वाहिनी पाठवते, सेट-टॉप बॉक्स उलगडतो, टीव्हीकडे देतो, टीव्ही साउंडबारकडे देतो, साउंडबार वाजवतो. यातल्या एकाही टप्प्याने "मी दोनच ट्रॅक देणार" म्हटलं की पुढे सगळं स्टिरिओ. आणि कुणी तक्रारही करत नाही! स्क्रीनवर कुठलाही एरर येत नाही, आवाज तर येतच असतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना अशा बिघाडाची फार भीती वाटते, जो गप्प बसून चालू राहतो.

आता थोडं गणित. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन शब्द दिसतात: "पीसीएम" आणि "डॉल्बी डिजिटल". कधी दुसऱ्याला "बिटस्ट्रीम", "सराउंड" किंवा "पासथ्रू" म्हणतात. पीसीएम म्हणजे न दाबलेला, कच्चा आवाज. एका ट्रॅकला सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. सहा ट्रॅक म्हणजे ४८,००० गुणिले १६ गुणिले ६, सेकंदाला सुमारे ४६ लाख बिट. डॉल्बी डिजिटल हेच सगळं ४ लाख ४८ हजार बिटमध्ये बसवू शकतं, म्हणजे साधारण दहाव्या हिश्श्यात.

हे महत्त्वाचं का? तर ऑप्टिकल केबल, ती टोकाला लाल प्रकाश दिसणारी, १९८३ साली तोशिबाने आणली. तो जमाना सीडीचा आणि स्टिरिओचा. त्या वाटेने पीसीएमचे दोनच ट्रॅक जातात. सहा पाठवायचे तर डॉल्बी डिजिटलमध्ये बांधूनच पाठवावे लागतात. एचडीएमआयची एआरसी सोय २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आली. टीव्हीकडून साउंडबारकडे उलट दिशेने आवाज नेण्याची ही वाट, पण पीसीएमच्या बाबतीत तिचीही हीच मर्यादा. २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर ईएआरसी आलं, त्यात मात्र न दाबलेले अनेक ट्रॅकही जातात.

म्हणजे गंमत बघा. "पीसीएम, कच्चा, शुद्ध आवाज" हे ऐकायला भारी वाटतं. पण ऑप्टिकलवर किंवा साध्या एआरसीवर पीसीएम निवडलं की तुम्ही स्वतःच स्टिरिओ मागितलेला असतो. आणि बऱ्याच बॉक्सवर ते आधीपासून तसंच निवडलेलं असतं, कारण स्टिरिओ कुठल्याही टीव्हीवर हमखास वाजतो.

राहिली ती लाल-पांढरी पिन. तिच्यातून दोनच ट्रॅक जातात, सेटिंग काहीही करा. दुकानातून आलेल्या माणसाने ती लावून दिली असेल, तर आधी ती काढून ठेवा.

मामाच्या घरचं उदाहरण

माझा मामा साताऱ्याला असतो, निवृत्त आहे. गेल्या वर्षी त्याने ५.१ साउंडबार घेतला. दुकानाचा माणूस येऊन जोडून गेला आणि "सराउंड चालू केलंय" म्हणाला. मागचे स्पीकर वाजत होते, पण समोरच्यांचाच आवाज बारीक करून वाजवल्यासारखे. मामाची तक्रार तीच, शब्द कळत नाहीत. आवाज ४० वर जायचा, मामी स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, शेजारचे येतील आता!" आणि हळूहळू मामाने रात्री सगळ्यांबरोबर टीव्हीसमोर बसणंच सोडलं. आतल्या खोलीत जाऊन पेपर वाचत बसायचा. मामीने मला फोनवर सांगितलं ते हेच. साउंडबारबद्दल ती बोललीच नाही. "तुझा मामा बाहेर येऊन बसत नाही गं," एवढंच म्हणाली.

मी गेले तेव्हा मामा म्हणाला, "अगं, स्पीकर खराब असेल. बदलून घेऊ." मी म्हटलं, "मामा, थांब. आधी तो काय सांगतोय ते वाचू."

कारण साउंडबार सांगतो. बहुतेक साउंडबारच्या छोट्या डिस्प्लेवर, किंवा रिमोटचं इन्फोचं बटण दाबल्यावर, आत येणारा आवाज कुठल्या प्रकारचा आहे ते दिसतं. मामाच्या साउंडबारवर दिसलं: पीसीएम. म्हणजे बिघाड स्पीकरमध्ये नव्हता, त्याच्या आधी कुठेतरी होता.

मग एकेक टप्पा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट स्टिरिओ होतं, ते डॉल्बी डिजिटल केलं. डिस्प्लेवर अजून पीसीएमच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल साउंड आउटपुट पीसीएम होतं, ते ऑटो केलं. तरीही पीसीएम. आता काय? टीव्हीतल्याच एका ॲपवर ५.१ चा सिनेमा लावला, आणि डिस्प्लेवर "डॉल्बी" आलं. याचा अर्थ टीव्ही ते साउंडबार हा रस्ता मोकळा आहे. अडथळा बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्या. एचडीएमआय जोडल्यावर टीव्ही बॉक्सला आपली माहिती देतो: मला कुठलं चित्र चालतं, कुठला आवाज चालतो. टीव्हीने "मला स्टिरिओच चालतं" असं सांगितलं, तर बॉक्स सहसा आज्ञाधारकपणे स्टिरिओ देतो. काही टीव्ही स्वतःच्या ॲपचा आवाज पूर्ण पुढे देतात, पण बाहेरच्या एचडीएमआयवरून आलेला आवाज दोन ट्रॅकचा करून देतात. मामाचा टीव्ही त्यातलाच.

उपाय अगदी सोपा निघाला. साउंडबारला मागे एचडीएमआय इनपुट होतं, कुणी वापरलंच नव्हतं. बॉक्सची केबल टीव्हीतून काढून थेट साउंडबारमध्ये लावली, आणि साउंडबारची एचडीएमआय आउट टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टात. आता आवाज टीव्हीकडे जायच्या आधीच साउंडबारकडे जातो आणि चित्र पुढे टीव्हीकडे. सगळं एकदा बंद करून चालू केलं, म्हणजे ती आपापसातली ओळख नव्याने होते. एका एचडी वाहिनीवर मॅच चालू होती. डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल आलं. गलका मागे गेला, कॉमेंटरी समोर आली.

मग साउंडबारच्या सेटिंगमध्ये सेंटर लेव्हल तीन पायऱ्या वाढवली. बाकी कशालाही हात लावला नाही. मामाने स्वतः रिमोट घेऊन आवाज ४० वरून २६ वर आणला. काही बोलला नाही, पण ओव्हर संपेपर्यंत उठला नाही. पुढच्या आठवड्यात मामीने त्याला कान तपासायला नेलं, तेही बरं झालं. सेटिंग हा कानाच्या तपासणीला पर्याय नाही, हे इथेच सांगून ठेवते.

पण मालिकांचं काय?

हा प्रश्न मामीनेच विचारला. बरोबर प्रश्न आहे. वाहिनीवरून मुळातच दोन ट्रॅक येत असतील, तर बॉक्स सहा कुठून आणणार? एसडी वाहिन्या, आणि कितीतरी एचडी वाहिन्यांवरचे कार्यक्रमही स्टिरिओच असतात. काही वाहिन्यांवर एका भाषेचा ट्रॅक ५.१ असतो आणि दुसऱ्या भाषेचा स्टिरिओ. म्हणून रिमोटवरचं भाषेचं बटण दाबून बघा, आणि साउंडबारचा डिस्प्ले बदलतो का ते पाहा.

तरी स्टिरिओतूनही थोडं काही हाती लागतं. संवाद सहसा डाव्या-उजव्या दोन्हींत सारखाच असतो, संगीत मात्र बरंचसं वेगवेगळं पसरलेलं असतं. म्हणजे "दोन्हीकडे जे सारखं आहे, ते मधल्या स्पीकरला द्या" असा नियम लावला, तर संवाद बऱ्यापैकी मध्ये येतो. ही युक्ती जुनी आहे. घरगुती वापरासाठीचं डॉल्बी प्रो लॉजिक १९८७ सालचं, आणि साध्या स्टिरिओवरही चांगलं काम करणारं प्रो लॉजिक टू २००० सालचं. तुमच्या साउंडबारवर "सराउंड", "डॉल्बी सराउंड" किंवा "ऑटो" असा मोड असेल तर तो बहुतेक हेच काम करतो. मिसळलेल्या वाट्या पूर्ण वेगळ्या होत नाहीत, पण तिखट कुठे आहे ते कळतं. मालिकांसाठी हा मोड आणि सेंटर लेव्हल थोडी जास्त, एवढं पुरतं.

हा सगळा फायदा साउंडबारला खरंच मधला स्पीकर असेल तरच. खोक्यावर २.० किंवा २.१ लिहिलं असेल तर मधला स्पीकर नाही. ३.१ किंवा ५.१ असेल तर आहे. "सराउंड" हा शब्द मोठ्या अक्षरात छापलेला असतो, हा आकडा मात्र बारीक अक्षरात. आकडा वाचा.

अँड्रॉइडचे बॉक्स आणि ॲप

आता बरेच बॉक्स अँड्रॉइडवर चालतात, वाहिन्याही दाखवतात आणि ॲपही. इथे एक खोच आहे. ॲपवरचा आवाज बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो. हे डॉल्बी डिजिटलचं पुढचं रूप. ते ऑप्टिकलमधून जात नाही, आणि जुन्या रिसीव्हरला कळतही नाही. म्हणून जुनी होम थिएटर सिस्टिम ऑप्टिकलवर असेल तर बॉक्सच्या प्रगत आवाज सेटिंगमध्ये जाऊन डॉल्बी डिजिटल निवडता येतं का बघा. मग बॉक्स प्लसचं साधं करून देतो. एआरसीवरचा नवा साउंडबार असेल तर ऑटो ठेवा.

एआरसी चालत नसेल तर टीव्हीत सीईसी चालू आहे का बघा. त्याला सॅमसंग एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक म्हणतं, सोनी ब्राव्हिया सिंक म्हणतं. तीन नावं, गोष्ट एकच. केबल मात्र महागडी, सोन्याचा मुलामा दिलेली घेऊ नका. एआरसीला साधी, धड असलेली हाय स्पीड केबल पुरते.

ओठ आणि आवाज

सगळं जुळलं, पण आवाज ओठांच्या मागेपुढे वाटतोय? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत यासाठी आकडे दिलेत: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला, किंवा १२५ मिलिसेकंद मागे राहिला, की माणसाला जाणवायला लागतं. साउंडबारवर "एव्ही सिंक" किंवा "ऑडिओ डिले" असतं, बातम्या देणाऱ्या निवेदकाचे ओठ बघत ते जुळवा. ही चैन नाही. ज्याला कमी ऐकू येतं तो नकळत ओठ वाचत असतो. ओठ आणि आवाज जुळले नाहीत तर त्याचा तो आधारही जातो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक. डॉल्बी डिजिटलमध्ये आवाजाबरोबर काही सूचनाही येतात, संवादाची पातळी किती आणि मोठे आवाज किती दाबायचे. साउंडबारचा "नाइट मोड" त्या वापरतो. स्फोट दबतात, कुजबुज वर येते. रात्री दहानंतर चालू करा, शेजारीही झोपतील आणि शब्दही कळतील.

आज रात्री काय करायचं

क्रमाने सांगते. आधी साउंडबारचा डिस्प्ले वाचा. पीसीएम दिसलं तर बॉक्सचं ऑडिओ आउटपुट डॉल्बी करा. मग टीव्हीचं डिजिटल आउटपुट ऑटो किंवा पासथ्रू करा. तरी नाही झालं, तर टीव्हीतल्या ॲपवर ५.१ चा एखादा सिनेमा लावून बघा. तिथे डॉल्बी आलं, तर बॉक्स थेट साउंडबारला जोडा. साउंडबारला इनपुट नसेल पण बॉक्सला ऑप्टिकल आउट असेल, तर बॉक्सचं ऑप्टिकल थेट साउंडबारला द्या. प्रत्येक बदलानंतर डिस्प्ले पुन्हा वाचा, दोन बदल एकदम करू नका. शेवटी सेंटर लेव्हल वाढवा, आणि ती किती हवी ते घरात ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं, त्याला ठरवू द्या. रिमोट त्याच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा.

पुढच्या भागात वायफायबद्दल बोलू, राउटर कपाटात ठेवणाऱ्यांसाठी खास. तोपर्यंत, नमस्कार.